उलट्या बाजूनं वाचलेला हेम्या

हेम्या, तुझ्या शोकसभेतून मी मधेच उठून आले. कुणीतरी तुला हे कळवणारच, तर मीच कळवते. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं, आणि मला हसू फुटलं. चांगलं मोठ्यानं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवून बघितलं, आणि एकीनं तर मला पाणी हवंय का म्हणून खुणेनं विचारलं.

दोष तुझा आहे. आपल्या त्या जाडजूड जपानी चित्रकथांमध्ये एखाद्या चौकटीत काहीच घडत नसायचं, कुणी बोलत नसायचं, आणि तरी चौकटभर मोठी अक्षरं काढलेली असायची, शीऽऽन. आठवतं? हा आवाज कशाचा म्हणून आपण किती डोकं खाजवलं. मी म्हणायचे पंख्याचा, तू म्हणायचास डासाचा, आणि डासाचा आवाज काढत माझ्या कानाशी यायचास. पुढं कळलं की तो कशाचाच आवाज नाही. काहीच ऐकू येत नाही, हे ते लोक तसं लिहितात. तर परवा सभागृहात सगळे माना खाली घालून उभे, आणि मला त्या टकलांवरून, अंबाड्यांवरून ती अक्षरं दिसायला लागली. त्यात तुझा डास.

पण हसू आलं म्हणून मी उठले नाही. हसू दाबून बसले असते. उठले ती भाषणांमुळे. तुमच्या कंपनीतले साहेब म्हणाले, ‘हेमंतराव म्हणजे मूर्तिमंत नम्रता.’ हेमंतराव! पुढं म्हणाले, ‘जपानी भाषा त्यांनी कुणाच्याही मदतीशिवाय, केवळ स्वतःच्या जिद्दीवर आत्मसात केली.’ हे ऐकलं आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. कुणाच्याही मदतीशिवाय? तुझी पहिली पाच अक्षरं कुणी वळवून घेतली होती रे? गावातल्या वाचनालयातल्या ज्ञानकोशातून तो अक्षरांचा तक्ता कुणी उतरवून आणला होता? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तू जिवंत असताना तोंडावर बोलत होते, आता पाठीमागं थांबायचं काही कारण मला दिसत नाही.

पहिल्यापासून सांगते. तुला माहीत आहे, पण तुझ्या साहेबांना माहीत नाही.

आपण दोघं गंगापूर रोडच्या एकाच कॉलनीतले, दोघंही कॉमर्सला, दोघंही रिकामटेकडे. कॉलनीच्या मागं एक बंगला होता, तो एका कारखान्यानं गेस्ट हाउस म्हणून घेतलेला. मशीन बसवायला आलेले जपानी इंजिनीयर तिथं उतरायचे. ते जाताना खोल्यांतला पसारा तसाच टाकून जायचे, आणि तो पसारा आपल्या कोपऱ्यावरच्या रद्दीच्या दुकानात यायचा. टेलिफोन डिरेक्टरीएवढे जाड अंक, कागद कुठं गुलाबी, कुठं हिरवट, आत नुसती चित्रं. रद्दीवाले चाचा वैतागले होते. “ले जाओ बेटा, ये चायना का पेपर कोई नहीं लेता. पुडी बांधली तर शाई चण्याला लागते.”

तू पहिला अंक उचललास. हे मी मान्य करते. पुढं वाच, लगेच खूश होऊ नकोस.

त्या अंकांमध्ये अवघड चित्राक्षरांच्या शेजारी बारीक सोपी अक्षरं छापलेली असायची, शाळकरी पोरांना वाचता यावं म्हणून. मी आणलेल्या तक्त्यावरून आपण ती एकेक जुळवायचो. अर्थ कळायचा नाही, नुसता उच्चार. मग गेस्ट हाउसमधून कुणाची तरी व्हिडिओ कॅसेट मिळाली, टीव्हीवरची कार्टून्स टेप केलेली, मधल्या जाहिरातींसकट. तुझे बाबा कामावर गेले की तुमच्या व्हीसीआरवर ती लावायची, आणि पडद्यावरचं पोरगं जे ओरडेल ते अंकात शोधायचं. सापडलं की तू उडी मारायचास. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “अरे, हे काय चिनी लावलंय? निदान आवाज तरी कमी करा!” अशी आपण भाषा शिकलो. पुस्तकी नव्हे, पोरांची. तोडलेली वाक्यं, लांबवलेली अक्षरं, शिव्या, आरोळ्या. लिहायचं म्हटलं तरी आपण तसंच लिहायचो. अक्षर दातेरी, जाड, तिरकं, जणू प्रत्येक शब्द ओरडतोय. दुसऱ्या तऱ्हेचं जपानी अक्षर आपण पाहिलंच कुठं होतं?

आणि आपण ते अंक सरळ वाचत होतो. म्हणजे आपल्या सरळ. डावीकडून उजवीकडं, पहिल्या पानापासून. ती खरं तर शेवटची पानं होती. त्या लोकांचं पुस्तक उजवीकडून उघडतं, हे आपल्याला कोण सांगणार? आख्खी सुट्टी आपण सगळ्या गोष्टी शेवटाकडून वाचल्या. आधी तो काळ्या केसांचा पोरगा रक्तबंबाळ होऊन पडलेला असायचा, मग उठायचा, मग मार खायचा, मग तोच मार देणाऱ्याला भेटायला चालत यायचा, आणि शेवटी घरी आईच्या हातचं जेवायचा. मला ते फार आवडायचं. मी तुला समजावून सांगायचे, हे लोक आपल्यासारखे नाहीत, यांच्याकडं मेलेला माणूस पहिल्या पानावर असतो आणि गोष्ट त्याला उठवत नेते. किती खोल विचार आहे बघ, असं काय काय मी बोलत असायचे, आणि तू मान डोलवायचास.

तू मान डोलवायचास, हेम्या, आणि तुला कळलेलं होतं. गेस्ट हाउसचा स्वयंपाकी सटाण्याकडचा होता, त्यानं तुला केव्हाच सांगितलं होतं, “त्या लोक येडा शेतस, भाऊ. पुस्तक मांगतीन वाचतस.” मागून वाचतात! हे ऐकून तू घरी आलास, आणि मला काही बोलला नाहीस. उलट विचारत राहिलास, “मग वैशे, पुढं काय होतं? उठतो का तो?” आणि मी सांगत राहिले. शेवटी एकदा तो स्वयंपाकीच मला भाजी घेताना भेटला आणि त्यानं हसत हसत सगळं सांगितलं. मी तणतणत तुझ्याकडं आले तर तू म्हणालास, “तू इतकं छान सांगत होतीस. कशाला मोडू?”

हा तुझा स्वभाव. तुला आधी कळायचं, आणि तू ते खिशात घालून गंमत बघत बसायचास. सभेत हे कुणी बोललं नाही.

आता फलकाकडं येते. तू डोळे फिरवलेस, मला दिसलं.

आपल्या कॉलनीतले एक मॅनेजर अंबडच्या कारखान्यात होते. जपानहून मोठे पाहुणे येणार होते, आणि कारखान्यात जपानी येणारं कुणी नव्हतं. कॉलनीतली दोन पोरं जपानी वाचतात, हे त्यांच्या कानावर होतं. त्यांनी दोघांना बोलावलं आणि स्पष्टच सांगितलं, की जो हे निभावेल त्याला कायमची नोकरी. तुझं काय, तू मुलगा, तुला दुसरीकडं कुठंही चिकटता आलं असतं. माझ्या घरी मांडवाची भाषा सुरू झाली होती. कळवणचं एक स्थळ तर येऊन पोहे खाऊन गेलं होतं. मी बाबांकडून कबूल करून घेतलं होतं, ही नोकरी लागली तर लग्नाचा विषय बंद. हे तुला, फक्त तुला, मी सांगितलं होतं. आपल्या गच्चीवर बसून सांगितलं होतं.

माझं अक्षर चांगलं म्हणून गेटवरचा स्वागतफलक माझ्याकडं आला. आपल्याकडं पाहुणे आले की फलक हवाच. शेजारी रांगोळी, हार, कुंकवाचं तबक घेऊन ऑफिसातल्या दोघी. मी सकाळपासून उकिडवी बसून रंगवत होते. ‘सुस्वागतम्’ला त्यांच्याकडं काय म्हणतात, मला माहीत नव्हतं. पण कुणी आलं की काय म्हणतात ते माहीत होतं. प्रत्येक अंकात असायचं. पोरगा येतो, समोरचा हाताची घडी घालून उभा असतो, आणि म्हणतो, योकु किता ना! मात्तेता झो! आलास का रे! तुझीच वाट बघत होतो! मी तेच लिहिलं. लाल रंगात, काळी किनार, दातेरी अक्षरं, शेवटी दोन उद्गारचिन्हं. ते वाक्य तिथं कोण म्हणतो? गुंडांचा म्होरक्या. कधी? हाडं मोडायच्या आधी. पण मला वाटलं होतं, कुणीही कुणालाही म्हणत असेल. आपण ‘या, या’ म्हणतो तसं.

तू माझ्या मागं येऊन उभा राहिलास. खूप वेळ बघितलंस. आणि म्हणालास, “झकास! अक्षर काय आलंय, वैशे!”

गाड्या आल्या. सगळ्यात वयस्कर पाहुणा उतरला, फलकासमोर आला आणि थांबला. कुंकवाचं तबक घेतलेल्या दोघी तशाच हात पुढं करून उभ्या. त्याच्या मागचा तरुण खोकल्याच्या निमित्तानं तोंड झाकून उभा राहिला. म्हाताऱ्यानं फलक पुन्हा वाचला. मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी तुझ्याकडं. आणि तू पुढं झालास. कमरेत वाकलास. इतकं मऊ, इतकं अदबीचं जपानी तुझ्या तोंडून बाहेर पडलं की मी ऐकतच राहिले. एकही शब्द आपल्या अंकांतला नव्हता. मला त्यातला एवढाच अर्थ लागला की तू माझ्या वतीनं क्षमा मागत होतास. फलक उचलून मागं सायकल स्टँडजवळ नेला. मलाही साधारण तिकडंच नेलं. नोकरी तुला लागली.

आता वाद काय होता ते पुन्हा सांगते, कारण तू तो दर दिवाळीला वळवून दुसरीकडं न्यायचास. तू म्हणायचास, “मलापण तिथंच कळलं गं, म्हाताऱ्याचं तोंड बघून.” मग ती अदब कुठून आली? संध्याकाळी गेस्ट हाउसच्या अंगणात तू त्यांच्याशी बॅडमिंटन खेळायचास, तिथं ती तुझ्या कानावर पडत होती, हे मला नंतर कळलं. म्हणजे तुला माहीत होतं, की ते अंकांतलं बोलणं वेगळं आणि माणसांतलं वेगळं. फलक वाळायच्या आधी तुला माहीत होतं. मग बोलला का नाहीस? गंमत म्हणून? की नोकरीसाठी? गंमत म्हणून असेल तर तू मूर्ख, आणि नोकरीसाठी असेल तर नीच. मला एवढंच हवं होतं, दोन्हींपैकी कोणता ते तू तुझ्या तोंडानं सांगावंस. तू म्हणायचास, “म्हातारा गाडीत हॉटेलपर्यंत हसत होता. म्हणाला, असं स्वागत जन्मात झालं नव्हतं.” हे उत्तर आहे का?

आपल्यात प्रेमबीम काही नव्हतं. लोकांना वाटायचं, अजून वाटतं, शोकसभेतसुद्धा दोघी तसल्या नजरेनं बघत होत्या. प्रेम असतं तर सोपं झालं असतं, मोडलं म्हणून रडून मोकळी झाले असते. तू माझा मित्र होतास. एकुलता. माझ्या डोक्यात काय चाललंय ते न सांगता कळणारा तूच होतास, म्हणून तुला कळूनही तू गप्प बसलास हे मला आजही गिळता येत नाही.

कळवणच्या पोह्यांतून मी कशीबशी सुटले. पोरांच्या शिकवण्या घेतल्या, मग पुण्याला जाऊन जपानी पायापासून शिकले, वाकण्यापासून, ‘आपण’पासून. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, हे कुठल्या टोळीत शिकलीस? आणि खरं सांगू, बाकीच्या मुलींना तक्ता पाठ करायलाच दोन महिने लागत होते, तेव्हा मी धडाधड वाचत होते. ते तुझ्यामुळं. रद्दीच्या दुकानात तू तो गुलाबी अंक उचलला नसतास तर आज मी कळवणला कांद्याच्या चाळीसमोर बसलेली असते. आज माझ्या पुढच्या खोलीत जपानीचा वर्ग चालतो, मशीनची माहितीपत्रकं भाषांतराला येतात, घर माझ्या नावावर आहे. त्याबद्दल तुझे आभार. झाले मानून.

तू जपानला गेलास तेव्हा जाताना सगळा गठ्ठा परत रद्दीत घातलास. न विचारता! एक अंक माझ्याकडं होता म्हणून वाचला. तिथून तू मेल पाठवायचास, सगळा त्या पोरांच्या भाषेत, लांबवलेली अक्षरं, मधेच आरोळी, शेवटी डासाचा आवाज. मी उलट इतक्या अदबीनं लिहायचे की बँकसुद्धा ग्राहकाला तसं लिहीत नसेल. ‘आपल्या प्रकृतीस आराम असावा अशी नम्र प्रार्थना.’ ते तुला झोंबावं म्हणूनच लिहायचे. तुला ते झोंबायचं, हे मला माहीत होतं. एकदा तू लिहिलंस, ‘वैशे, माझ्याशी नीट बोल ना. शिवी दे.’ मी त्यालाही अदबीनं नकार कळवला.

पुढं तू कायमचा घरी परत आलास, आणि मग यंदा दिवाळीनंतर एका दुपारी तुझा फोन आला. माझा वर्ग नुकताच सुटला होता. तू म्हणालास, “अगं, आज सहज त्या फलकाची आठवण आली.” सहज! मी पेटले. इतकी वर्षं अदबीत बांधून ठेवलेलं सगळं बाहेर आलं, आणि आलं तेही त्याच भाषेत, आपल्या अंकांतल्या. गुंडांच्या म्होरक्यानंही कानावर हात ठेवले असते असं मी बोलले. तू हसत होतास. मधे खोकलास, म्हणालास धूळ आहे. मग म्हणालास, “ते मघाचं पुन्हा म्हण ना. ते शेवटचं.” मला वाटलं, चेष्टा करतोयस. मी विचारलं, “तुला माहीत होतं की नव्हतं, एका शब्दात सांग.” तू म्हणालास, “पुढच्या वेळी.” मी फोन आपटला. आपटणारच! मला कुणी सांगितलं होतं की पुढची वेळ नाहीये?

सभेनंतर दुसऱ्या दिवशी मी काकूंकडं गेले. त्या पलंगावर बसल्या होत्या, तुझ्या चादरीची घडी मांडीवर घेऊन. मी बसले. त्या म्हणाल्या, “रागावली असशील.”

मी म्हटलं, “काकू, त्याच्या आजाराचं सगळ्या कॉलनीला माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं. मी दोन गल्ल्या सोडून राहते.”

“त्यानंच शपथ घातली होती गं. म्हणे, सगळ्यांना सांगा, फक्त वैशीला नको. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलेत, आई. एक तरी माणूस मला शिव्या देणारं राहू दे.” काकूंनी घडी उलगडली, पुन्हा घातली. “त्या दिवशी फोन ठेवला ना तुझा, त्यानंतर पोरगं पोटभर जेवलं. कितीतरी दिवसांनी. मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणे, जीव घेईन म्हणाली.”

मी काकूंसमोर रडले नाही. घरी येऊन रडले, आणि रडताना तुला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. पुन्हा तेच केलंस, हेम्या. आधी तुला कळलं, आणि तू खिशात घातलंस. अंक उलटा आहे हे कळलं तेव्हा माझी एक सुट्टी गेली. फलक चुकलाय हे कळलं तेव्हा नोकरी गेली. आणि आता तूच जाणार आहेस हे तुला कळलं होतं, तर माझ्या वाटणीला काय आलं? एक आपटलेला फोन. सगळ्यांना तुझ्या उशाशी बसता आलं. मला तू भांडायला ठेवलंस, आणि त्याबद्दल मी खूश व्हावं अशी तुझी अपेक्षा असणार. मी खूश नाही. मलाही हळू आवाजात बोलता येतं. तुला ते कधी ऐकायचंच नव्हतं.

तो उरलेला अंक आज काढला. कागद पिवळा पडलाय, कडा हाताला लागली की भुगा होतो. वर्गात मी पहिल्या दिवशी सगळ्यांना शिकवते, पुस्तक उजवीकडून उघडायचं. आज दार लावून घेतलं आणि डावीकडून उघडला. आपल्या सरळ.

पहिल्याच पानावर पोरगा पडलाय. मी पान उलटलं. तो उठला. आणखी उलटत गेले, जखमा गेल्या, श्वास परत आला. तुझंही मी तसंच वाचणार आहे. आधी ते सभागृह, ती भाषणं, ती डासाची शांतता. मग काकूंच्या मांडीवरची चादर पलंगावर, आणि चादरीखाली तू. मग फोन वाजतो. मग तुला खोकला नाही. मग तू जपानहून उलटा येतोस, गठ्ठा रद्दीतून परत घरी येतो, फलकावरचा रंग ओला होतो. अजून लिहिलेलं पुसता येईल इतका ओला. तू माझ्या मागं येऊन उभा राहतोस.

इथं मी पान धरून ठेवलंय, पुढं उलटणार नाही. हात लाल रंगानं भरलेत, तरी उठून उभी राहिलेय, हाताची घडी घातलीय. आता त्या वाक्याचा नेमका अर्थ मला माहीत आहे, आणि माझ्याइतक्या दातेरी आवाजात ते तुला कुणी ऐकवलं नसेल.

आलास का रे! तुझीच वाट बघत होते!!